धागा: स्टेशन ते मांडवी, रत्नागिरीत ट्राम टाकायची झाली तर रूळ कुठून न्याल?

रूळरेषा (धागाकर्ता)

हा कुठल्या प्रस्तावावरचा धागा नाही, कागदावरचा अभ्यास आहे. तेव्हा ‘पैसे कोण देणार’ आणि ‘आधी खड्डे बुजवा’ हे दोन प्रतिसाद मनातल्या मनात टाकून पुढे या.

रेल्वे स्टेशन शहराबाहेर पूर्वेला, सहा-सात किलोमीटरवर. मारुती मंदिर-माळनाका वर सड्यावर (पठारावर), बाजारपेठ खाली, मांडवी त्याच्याही पलीकडे. एकच लाइन टाकायची तर कुठून?

गाडी अशी धरा: २० मीटर लांब, २.४ मीटर रुंद, दोन्ही टोकांना चालकाची केबिन, खालच्या पातळीचा फ्लोअर, ७५० व्होल्ट डीसी. किमान वळण २० मीटर त्रिज्येचं, चढ जास्तीत जास्त ७ टक्के.

पर्याय अ: स्टेशन फाटा, कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, एसटी स्टँड, राम आळी, गोखले नाका, मांडवी.
पर्याय ब: जयस्तंभापर्यंत तेच, पुढे बाजार टाळून बाहेरच्या अंगाने मांडवी.
पर्याय क: एसटी स्टँडला लाइन संपवायची. खाली चालत.

माझा कल अ कडे आहे, कारण माणसं बाजारात जातात. मोडून काढा.

वळणवाला

मोडायला नकाशा लागत नाही, भूमिती पुरते.

दोन रस्ते काटकोनात मिळतात, दोन्ही ८ मीटर रुंद, कडेला घरं अगदी रस्त्याला लागून. रूळ दोन्हीकडे रस्त्याच्या मध्यातून आहे असं धरा. २० मीटर त्रिज्येचं वळण चौकाच्या मध्यबिंदूच्या २० मीटर आधी सुरू होतं आणि मध्यबिंदूपासून आतल्या बाजूला ०.४१४ × २० = ८.३ मीटरवरून जातं. घराचा कोपरा मात्र मध्यबिंदूपासून ४ × १.४१४ = ५.६६ मीटरवर आहे. म्हणजे रुळाची मध्यरेषाच घराच्या आत अडीच मीटर घुसली. गाडीची अर्धी रुंदी अजून मोजलेलीच नाही.

आता युक्ती करा. वळणाआधी रूळ बाहेरच्या कडेला सरकवा, दोन्ही रस्त्यांत प्रत्येकी २.४ मीटर. मध्यरेषा ८.३ वरून ४.९ वर येते. त्यात गाडीची अर्धी रुंदी १.२, वळणात गाडीचं पोट आत सरकतं ते ०.३ आणि भिंतीपासून मोकळी जागा ०.३ मिळवा. झाले ६.७. घर ५.६६ वर. अजूनही मीटरभर कोपरा पाडावा लागतो.

जुन्या बाजारपेठेत प्रत्येक काटकोनाला हे गणित करा. पाडायची घरं मोजा, मग ‘अ’ म्हणा.

आळीकर

लिस्बनची २८ नंबरची ट्राम यापेक्षा अरुंद गल्ल्यांतून जाते की! खिडकीतून हात काढला तर भिंतीला लागतो. तिथे कुणी घरं पाडली नाहीत.

वळणवाला

@आळीकर, बरोबर, पण तिथे गाडी वेगळी आहे. रूळ ९०० मिलिमीटर गेजचे (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), गाडी दोन आसांची, जेमतेम साडेआठ मीटर लांब. ती १०-१२ मीटर त्रिज्येत वळते. वरच्या गणितात २० च्या जागी १२ घाला, रूळ दोन-दोन मीटर बाहेर सरकवा, सगळी बेरीज ३.९ येते. घर वाचलं. शिवाय तिथली गाडी सुमारे साडेतेरा टक्के चढ चढते, कारण दोन्ही आसांवर मोटर आहे आणि सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं.

त्या बदल्यात काय जातं? पायऱ्या चढून आत जावं लागतं, व्हीलचेअर शिरत नाही आणि माणसं साठेक मावतात. धागाकर्त्यांनी खालचा फ्लोअर मागितलाय. दोन्ही हवं असेल तर मार्ग बदला, नाहीतर गाडी बदला.

घाटउतार

वळण नकाशावर तरी दिसतं. उतार दिसत नाही आणि खरी गोची तिथे आहे.

पोलादी चाक पोलादी रुळावर. कोरडं असताना घर्षणांक ०.२५ च्या आसपास, ओल्या चिखलट रुळावर ०.१ किंवा त्याहून खाली. सगळ्यात वाईट मुसळधार पाऊस नव्हे. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. मृगाची पहिली सर किंवा नुसती भुरभुर, रुळावर तांबडी धूळ आणि वर पडलेला पातेरा, याचं जे पीठ होतं ते घातक. त्यात मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी धरा. मिरकरवाडा बंदराची वाहतूक ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरचा रूळ कायमचा निसरडा समजायचा.

घर्षणांक ०.१ धरून थांबायचं अंतर काढा, वेग ताशी २० किमी:
सपाटीवर: मंदन ०.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग, अंतर सुमारे १६ मीटर.
६ टक्के उतारावर: मंदन ०.३९, अंतर सुमारे ३९ मीटर.

वेग तोच, अंतर अडीचपट. १० टक्के उतार असेल तर नुसत्या चाकांच्या ब्रेकवर गाडी थांबणारच नाही. म्हणून चाकासमोर वाळू सोडायची नळी असते आणि रुळाला चिकटणारा विद्युतचुंबकी ब्रेक असतो. तो चाकाच्या पकडीवर अवलंबून नाही, पण तो आणीबाणीसाठी. रोज प्रत्येक फेरीला त्याच्यावर विसंबायचं असेल तर मार्ग चुकलाय. वाळूचंही लक्षात ठेवा: ती कोरडी लागते. कोकणात जुलैत कोरडी वाळू म्हणजे डेपोत वाळू भाजायची सोय हवी, नाहीतर नळीत गोळा होऊन बसते.

तेव्हा माळनाका ते एसटी स्टँड आणि तिथून खाली बाजार, हे तुकडे आधी मोजा. सरासरी काढू नका. ४०० मीटरात २४ मीटर म्हणजे ६ टक्के हे कागदावर छान दिसतं, पण त्यात मधले ६० मीटर ९ टक्क्यांचे असतात आणि गाडी तिथेच घसरते. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, दर २० मीटरला फरक लिहा. दोन माणसं, एक सकाळ, काम झालं.

उतार संपून सपाटी लागते तिथेही एकदम कोन चालत नाही. ४०० मीटर त्रिज्येचं उभं वळण धरलं तर ६ टक्क्यांवरून सपाटीला यायला २४ मीटर लागतात. त्या २४ मीटरात थांबा नको, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा) नकोत.

मालवणीमाप

आधी गटार खय जाता ता सांगा, रूळ मगे घाला.

गंमत नाही. रस्त्याला मधून कडेला दोन-अडीच टक्के ढाळ असतो, पाणी गटारात जावं म्हणून. ट्रामचे दोन रूळ मात्र एकमेकांशी जवळजवळ समपातळीत लागतात. मध्ये अशी सपाट पट्टी आली की पाणी तिच्यावर थांबतं आणि रुळाच्या खाचेतून (चाकाची कड बसते त्या) उताराने धावत सुटतं. ४० मिलिमीटरची खाच म्हणजे नळच. तो सगळ्यात खालच्या बिंदूला बाजारात रिकामा होतो.

उपाय: खाचेच्या तळाला भोकं पाडून खाली आडव्या पेट्या, त्या गटाराला जोडलेल्या. उतारावर ठरावीक अंतराने, उताराच्या पायथ्याला नक्की, आणि प्रत्येक सांध्याच्या वरच्या अंगाला. सांध्यात पाणी आणि जांभ्याची खडी शिरली की सांध्याची हलती जीभ पूर्ण सरकत नाही आणि गाडीचं पुढचं चाक एका वाटेने, मागचं दुसऱ्या वाटेने. जून ते सप्टेंबर सांधे रोज खरवडायला माणूस हवा. यंत्र येईल तेव्हा येईल.

आणि खालच्या भागात भरती आणि पाऊस एकत्र आले की गटाराचं तोंडच बंद होतं. त्या वेळी गाडी कुठून परत फिरवणार ते आधी ठरवा. पाण्याखालच्या खाचेत काय अडकलंय ते चालकाला दिसत नाही.

पाणीखाते

खालचं बोललात, आता त्याच्याही खालचं.

रुळाखाली जलवाहिनी ठेवायची नाही हा नियम कागदावर सोपा. अरुंद आळीत ती हलवणार कुठे? एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला केबल, मध्ये नळजोडण्यांचं जाळं, आणि नकाशावर दाखवलेला पाइप तिथे असेलच असं नाही. एडिनबरोत ट्रामचं काम रखडलं त्यात या वाहिन्या हलवण्याचा वाटा मोठा होता. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वाहिन्या निघाल्या. २०१४ साली लाइन सुरू झाली तेव्हा खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला होता आणि मार्ग मूळ बेतापेक्षा आखूड होता. न्यूहेवनपर्यंतचा उरलेला तुकडा २०२३ मध्ये उघडला.

पोर्टलंडने उलट वाट धरली. २००१ च्या लाइनला सुमारे ३० सेंटिमीटर जाड आणि अडीच मीटर रुंद एवढाच काँक्रीटचा पट्टा घातला आणि खोलवरचे पाइप शक्य तिथे तसेच ठेवले. काम लवकर झालं. पण पट्ट्याखालचा पाइप फुटला तर बाजूने खणून आत शिरावं लागतं, हे मान्य करून.

कोकणासाठी एक जादा मुद्दा. डीसी प्रवाह रुळातून उपकेंद्राकडे परत जातो. रूळ जमिनीपासून नीट अलग नसेल तर थोडा प्रवाह मातीतून लोखंडी पाइपात शिरतो, आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाइप खातो. ओली, खारट माती वीज चांगली वाहून नेते. खाडीलगतच्या खालच्या भागात रुळाला पूर्ण रबरी आवरण हवंच. ते एका जागी फाटलं तरी त्रास एका जागीच होतो असं नाही, पाइप दोनशे मीटर पुढे फुटू शकतो.

आळीकर

बरं, कोपऱ्यांचं मान्य. पण आळी सरळ असेल तिथे अरुंद रस्ता ही अडचण नाही. अॅमस्टरडॅमची लाइडसेस्ट्राट बघा. भर बाजारातली अरुंद गल्ली, त्यात रूळ एकमेकांत गुंतवून एकाच गाडीपुरत्या जागेत बसवलेत. कालव्याच्या पुलांवर रस्ता मोकळा मिळतो, तिथे दोन रूळ वेगळे होतात आणि गाड्या एकमेकींना ओलांडतात. गुंतवलेल्या रुळाला हलता सांधा लागत नाही, म्हणजे @मालवणीमाप यांची खडीची तक्रार निम्मी मिटली.

वेळेचं गणित: ४०० मीटरचा एकेरी तुकडा, ताशी १० किमी, म्हणजे २.४ मिनिटं. जाऊन-येऊन ४.८. प्रत्येक वेळी सिग्नल मोकळा व्हायला अर्धा मिनिट, झाले ५.८. आत एक थांबा ठेवलात तर दोन्ही दिशांचे मिळून दीड मिनिट आणखी. सव्वासात. दहा मिनिटांची सेवा आरामात बसते.

वळणवाला

बसते, पण पाच मिनिटांची कधीच बसणार नाही. आणि वरून एक गाडी चार मिनिटं उशिरा आली की खालची तुकड्याच्या तोंडाशी ताटकळते. एकेरी तुकडा एका टोकाचा उशीर दुसऱ्या टोकाला पोचवतो. शेवटच्या टप्प्यात एकच असा तुकडा असेल तर सोसवेल, मधोमध नको.

टपावरचा

सगळं झालं, पण दुकानासमोर टेम्पो उभा राहिला तर?

बस बाजूने निघते, ट्राम नाही. वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवर २०१६ ला सुरू झालेल्या लाइनचे रूळ पार्किंगला खेटून होते. कुणी मोटार पार्किंगच्या पट्ट्याबाहेर जराशी लावली की ट्राम ठप्प. रूळ फुटपाथच्या कडेला घातला की थांबा बांधायला स्वस्त पडतो, फुटपाथच प्लॅटफॉर्म होतो, म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण मग ती कडेची लेन तुमची राहत नाही.

मारुती मंदिर ते माळनाका रस्ता रुंद आहे, तिथे रूळ मधोमध घ्या. जोडरुळाला (जायचा एक, यायचा एक) साडेसहा मीटर. थांब्याजवळ तीनेक मीटरचा प्लॅटफॉर्म, ३० सेंटिमीटर उंच, टोकाला १ ला १२ चा रॅम्प म्हणजे ३.६ मीटर. मारुती मंदिर सर्कलला रूळ वळसा घालून नेला तर डावं-उजवं-डावं अशी तीन वळणं लागोपाठ येतात, चाकं किंचाळतात, रुळाची कड झिजते. आरपार सरळ न्यायचा तर सर्कलचं रूप बदलावं लागेल. त्यावर इथे भांडण नको, वेगळा धागा काढा.

बाजारात माल उतरवायच्या वेळा ठरवून द्या, सकाळी आठच्या आत. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहतात ते बघून मगच थांब्यांच्या जागा ठरवा. डिसेंबरात पाहणी करणाऱ्याला ते कळणार नाही.

खोगीर

दुचाकीवाल्यांचं कुणी बोलेना. सायकलचं चाक ४० मिलिमीटरच्या खाचेत बसतं आणि माणूस तोंडावर जातो. स्कूटरचा टायर खाचेत जात नाही, पण ओल्या रुळावर तिरका चढला की मागून सुटतो. रूळ ओलांडायचा कोन ६० अंशांपेक्षा कमी नको. म्हणजे रूळ कडेकडून मध्यावर सरकतो ती जागा (वळणाआधी बाहेर सरकवायची वरची युक्ती) दुचाकीला सगळ्यात वाईट. तिथे दुचाकीची वाट वेगळी काढता येत नसेल तर ते वळण रद्द समजा.

ढोलताशा

गाडीला वीज देणारी वरची तार साडेपाच-सहा मीटरवर असते. मांडवीच्या विसर्जनाला ट्रॉलीवरची उंच मूर्ती त्याखालून काढताना वीज बंद करून, अर्थिंग करून, मग मिरवणूक, हा क्रम. नुसती काठीने तार उचलायची नाही. शिमग्यात भैरीची पालखी शहरात फिरते तेव्हा खालच्या भागात गाड्या चालणारच नाहीत, वेळापत्रकातच तसं लिहा.

नीसमध्ये २००७ च्या लाइनला दोन चौकांत तारच नाही, गाडी बॅटरीवर जाते. बोर्दोने २००३ मध्ये जमिनीतून वीज दिली, पण सुरुवातीला पाण्याने बराच त्रास दिला. आपल्या पावसात जमिनीतली वीज नको. बॅटरी चालेल, फक्त चढ चढताना ती लवकर उतरते. तेव्हा तार नसलेला तुकडा सपाटीवरच ठेवा.

लालडबा

विरोधी मत नोंदवतो. ७ किलोमीटर, सरासरी ताशी १६, म्हणजे २६ मिनिटं. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं धरून फेरी ६२ मिनिटांची. दर १० मिनिटांनी सोडायची तर ७ गाड्या, दुरुस्तीला २, एकूण ९. गाडीत १२० माणसं धरली तर तासाला एका दिशेने ७२०. एवढीच माणसं ६० च्या हिशोबाने १२ एसटी नेतात, म्हणजे दर पाच मिनिटांना एक. रहाटाघर स्टँडातून सुटणाऱ्या शहरी गाड्या वाढवल्या तर रूळ लागतो कशाला?

रूळरेषा

@लालडबा, हिशोब मान्य. तासाला ७२० माणसं एका दिशेने मिळत नसतील तर बसच बरी, यात वाद नाही. मोजायला साळवी स्टॉपला उभं राहा, स्टेशनला नव्हे. स्टेशनवर गर्दी गाडी आली की एकदम येते, मग तासभर शुकशुकाट. लाइन जगते ती मधल्या थांब्यांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांवर.

बाकी चर्चेवरून मी ‘अ’ सोडतो. पहिला टप्पा स्टेशन फाटा ते एसटी स्टँड. बाजारातला तुकडा दुसऱ्या टप्प्यात, तोही एकही काटकोन न घेता जाणारी सरळ आळी मिळाली तर, गुंतवलेल्या एकेरी रुळाने. डेपो वरच्या अंगाला, साळवी स्टॉपच्या पलीकडे. नऊ गाड्या तीन रुळांवर तीन-तीन, प्रत्येक रूळ ७० मीटर सरळ आणि सपाट, शिवाय सांध्यांचा पंखा आणि कार्यशाळा. हेक्टरभर तरी जागा. खाली डेपो नको. कुवारबावचा तुकडा मिऱ्या-नागपूर महामार्गावर येतो, तिथे ट्रकच्या लेनमध्ये रूळ घालायचा नाही, बाजूला स्वतंत्र पट्टा.

वळणवाला

मग एसटी स्टँडच्या टोकाचं आत्ताच ठरवा. दोन्हीकडे केबिन असल्यामुळे गोल फिरवायला जागा लागत नाही. जुन्या मुंबईत दादर टीटीला (ट्राम टर्मिनसला) गाड्या वळवायला जागा होती, इथे ती मिळणार नाही. रूळ बदलायची कैची थांब्याच्या आधी ठेवलीत तर गाडी थेट रिकाम्या बाजूला येते आणि तिथूनच परत निघते. थांब्याच्या पुढे ठेवलीत तर रिकामी गाडी पुढे नेऊन परत आणावी लागते, दोन-तीन मिनिटं जातात आणि पुढे आणखी ३० मीटर रूळ लागतो. आधीच ठेवा.

फक्त कैचीला साधारण ४० मीटर सरळ आणि जवळपास सपाट जागा हवी आणि ती उताराच्या पायथ्याला येऊ नये. जयस्तंभाकडून येताना ती मिळते का, ते नळी घेऊन जाल तेव्हा त्याच कागदावर लिहा. नाही मिळाली तर शेवटचा थांबा जयस्तंभावरच ठेवायचा.